पहिली डमी रायफल घेण्याआधी

कोरेगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. घरात आता त्यांचा एक फोटो, दोन पदकं आणि पट्ट्याचं पितळी बक्कल एवढंच उरलंय. युद्धपटांत आणि लष्करी कवायतीत वापरतात तशा नकली बंदुका जमवाव्यात, आणि सुरुवात आजोबांच्या हातातल्या रायफलीपासून करावी, असं त्यांच्या मनात आहे. एका भंगारवाल्याने त्यांना ‘निकामी केलेली’ थ्री नॉट थ्री पस्तीस हजारांना देऊ केली आहे. ती घ्यावी का, नाहीतर सुरुवात कुठून करावी, आणि घेतल्यावर सांभाळायची कशी, असं त्यांनी विचारलंय.

सर, मी मिरजेचा. सव्वीस वर्षं झाली, नाटकं, शाळांची गॅदरिंग, गणपतीतले जिवंत देखावे आणि वाई-मेणवलीकडची शूटिंग यांना डमी हत्यारं पुरवतो, आणि तेवढीच वर्षं ती जमवतोही. भंगारवाल्याचं आधी सांगतो, कारण त्यात उशीर नको. ती रायफल घेऊ नका. विसार दिला असेल तर त्यावर पाणी सोडा. ‘बघू तरी’ म्हणून घरी तर अजिबात आणू नका.

‘निकामी’ हा शब्द बाजारात फार सैल वापरतात. शस्त्र कायदा १९५९चा आहे. त्याच्या कलम ४५ मध्ये काही गोष्टींना सूट दिली आहे. जुन्या बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार त्यात येतं. पण अट अशी की ते आहे त्या स्थितीत तर नाहीच, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. सगळं येऊन अडतं ते या ‘दुरुस्त करूनही’पाशी. भंगारवाला म्हणेल पिन, म्हणजे काडतुसावर आपटून गोळी उडवणारी सुई, काढली आहे, घोडा ओढला तरी काही होत नाही. कायदा ते विचारतच नाही. पिन परत बसली तर काय, हे कायदा विचारतो. शिवाय त्याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, म्हणजे नुसती नळी किंवा नुसता बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) शोकेसमध्ये ठेवला तरी विषय संपत नाही. त्यात थ्री नॉट थ्री हा बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य नागरिकासाठी निषिद्ध. तुम्ही शाळेतले मास्तर. घरात हे सापडलं तर ‘मला वाटलं चालत नाही’ हे उत्तर कुठेही चालत नाही.

आणि अशी रायफल भंगारात येते कुठून, याचाही विचार करा. एक शक्यता अशी की ती कधीकाळी कवायतीसाठी बाजूला काढलेली सरकारी रायफल आहे. तिला डी.पी. म्हणतात, ड्रिल पर्पज. गोळीबाराला अयोग्य ठरलेल्या रायफलीवर ही दोन अक्षरं ठोकतात आणि ती फक्त कवायतीला देतात. ती सरकारची मालमत्ता, तिची नोंद रजिस्टरला असते. बाहेर आली असेल तर कुणीतरी बाहेर काढली आहे. अशा वस्तूत आजोबांची आठवण कशी राहणार?

माझी सुरुवात याच डी.पी. रायफलीपासून झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॉलेजात मी एनसीसीत होतो. रविवारी सकाळी सहाला कोतीसमोर रांग लागायची. कोत म्हणजे हत्यारांची खोली. रजिस्टरवर सही करायची, नंबर मोठ्याने वाचायचा आणि मग रायफल हातात यायची. माझ्या वाट्याला नेहमी एकच यायची. तिच्या नळीवर, बॉडीवर आणि बोल्टवर तिन्हीकडे डी.पी. कोरलेलं. बट, म्हणजे मागचा लाकडी दस्ता, उजव्या बाजूला, बरोबर तळहात टेकतो तिथे, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला. आमच्या आधी किती पोरांनी ‘बगल शस्त्र’ला तिथे हात मारला असेल! सलामी शस्त्र घेतलं की तीन बोटं त्या झिजलेल्या जागेत आपोआप बसायची. चार किलोची वस्तू. वीस मिनिटं ‘बगल शस्त्र’मध्ये उभं राहिल्यावर खांदा बोलायला लागायचा. ती रायफल एक गोळी झाडू शकत नव्हती, पण वजन, तोल आणि हात कुठे ठेवायचा याची शिस्त हे सगळं तिच्यात शाबूत होतं.

पुढे डमी बनवायला लागलो तेव्हा कळलं की प्रत्येक नकली बंदूक अस्सलातली एखाद-दुसरी गोष्ट सांभाळते आणि बाकीच्या सोडून देते. कवायतीची असेल तर वजन आणि तोल. दूरच्या दृश्यातली असेल तर नुसती बाह्यरेषा. मारामारीतली असेल तर आकार, आणि कुणाला इजा न होणं. जवळून दाखवायची असेल तर बारीक काम आणि हलणारे भाग. ‘हुबेहूब आहे का?’ हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याच्यामुळेच माणूस भंगारवाल्याच्या दारात जातो. तुम्ही विचारायचं ते असं: ही कशासाठी बनली, आणि तेवढं काम ती नीट करते का? हे पाहता यायला लागलं की संग्रहाला दिशा येते. अस्सल लोखंडाची ओढही कमी होते, माझी तरी झाली.

कवायतीच्या नकली बंदुकांचा इतिहास चांगला जुना आहे आणि जमवायला फार गोड आहे. १९१४ साली ब्रिटनमध्ये नव्या सैन्याची भरती इतकी उसळली की रायफली पुरेनात. पोरं लाकडी बंदुका घेऊन कवायत शिकली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी पॅरिस-डन नावाच्या कंपनीने लाकूड आणि पत्र्याच्या कवायती रायफली बनवल्या. त्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या घाटाच्या होत्या, आणि आज तिकडचे लोक त्या अस्सलाइतक्याच प्रेमाने जमवतात. पुढे अडथळ्यांच्या कवायतीसाठी, चिखलपाण्यात नेण्यासाठी रबरी रायफली आल्या, आत लोखंडी सळई घालून ओतलेल्या. आपल्याकडे सातारा-सांगलीत भरतीच्या ॲकॅडमींमधून पोरं लाकडी बंदूक डोक्यावर धरून पळताना दिसतात. ती सुताराने पाचशे रुपयांत करून दिलेली असते, कुणी तिला संग्रहाची वस्तू मानत नाही. मी मानतो. माझ्याकडे अशा अकरा आहेत, एकीवर बॉलपेनने तीन पोरांची नावं आणि पळण्याच्या वेळा लिहिल्या आहेत. सर, तुमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घराघरातून फौजेत गेलेलं, पहिल्या महायुद्धात एकाच गावची ४६ माणसं कामी आलेली. १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात आहे. अशा जिल्ह्यात कवायतीच्या लाकडी बंदुका कुठल्यातरी माळ्यावर, तालमीच्या कोपऱ्यात पडलेल्या असणारच. त्या आजच उचलून ठेवल्या नाहीत तर बंबात जातील. पस्तीस हजारांत अशा सत्तर मिळतील, आणि प्रत्येकीमागे सांगायला माणूस असेल.

आता सिनेमाच्या. शूटिंगवर एकाच बंदुकीचे तीन अवतार असतात. पहिला हीरो. हा कॅमेऱ्याजवळ येतो, त्याचा बोल्ट सरकतो, पट्ट्याच्या कड्या खऱ्या असतात, लाकूड खरं असतं. दुसरा स्टंट, रबराचा किंवा दाट फोमचा. नट पडला, एकाच्या अंगावर दुसरा आदळला तरी लागत नाही. तिसरा गर्दीचा, फायबरचा किंवा रेझिनचा, एका साच्यातून चाळीस-पन्नास काढलेला. गर्दीतली बंदूक हातात घेतली की नळीच्या खालून बटापर्यंत अंगठा फिरवून बघा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे केसाएवढी धार लागते. चांगल्या कारागिराने ती कानशीने घासून काढलेली असते, घाईच्या कामात तशीच राहते. रेझिन असेल तर ट्रिगर गार्डच्या आतल्या कोपऱ्यात हवेचे बुडबुडे शोधा. रबरी असेल तर हलकेच वाकवा, आतली सळई कुठे संपते ते हाताला कळतं. आणि रंग बघा. काळ्यावर ग्रॅफाइटची पूड घासली की लोखंडाची झाक येते. ती हाताळून जिथे जिथे गेली, तिथे नटाने ती बंदूक धरली होती. ही झीज पुसून नव्यासारखी करू नका. नवीन संग्राहक हेच आधी करतात आणि वस्तूचा पूर्वेतिहास घालवून बसतात.

बाहेरच्या देशांत यावर मोठे उद्योग उभे आहेत. स्पेनच्या मेनोर्का बेटावरची डेनिक्स १९६६ पासून जस्ताच्या मिश्रधातूत न चालणाऱ्या प्रतिकृती ओतते. जपानमध्ये ‘मॉडेल गन’ हा स्वतंत्र छंदच आहे. तिथे १९७१ साली कायदा बदलला आणि धातूच्या पिस्तुलांच्या प्रतिकृती पांढऱ्या, पिवळ्या किंवा सोनेरी रंगाच्या करणं, नळी बुजवणं सक्तीचं झालं. त्यामुळे कुणाकडे सोनेरी जपानी पिस्तूल दिसलं तर ते शोभेचं म्हणून सोनेरी नाही, त्या रंगावरून तुम्हाला त्याचा काळ कळतो. आपल्याकडे डेहराडूनला विंडलास १९४३ पासून आहे. तलवारी, संगिनी, शिरस्त्राणं यांसाठी ती जगभर ओळखली जाते. परदेशातून काही मागवायचं मनात असेल तर आधी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाला लेखी विचारा, मगच पैसे भरा. बंदुकीसारखं दिसणारं पार्सल अडकतं, आणि अडकल्यावर सोडवणं वस्तूपेक्षा महाग पडतं.

एक गमतीची गोष्ट सांगतो. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातातली बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइनवर वरून दुर्बीण आणि पट्ट्या चढवलेली. तीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात ‘कार्बाइन १ए१’ म्हणून बनली आणि वर्षानुवर्षं आपल्या जवानांच्या, पोलिसांच्या खांद्यावर दिसली. माझ्या दुकानात पोरं येतात, कार्बाइनचा फायबर डमी बघतात आणि म्हणतात, “काका, ही अवकाशातली.” मी त्यांना बसवून दोन्हींचे फोटो दाखवतो.

धडाका करणाऱ्या, म्हणजे कोरं काडतूस उडवणाऱ्या बंदुकांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या प्रतिकृती नव्हेत, आणि कोरं काडतूस निरुपद्रवी असतं हा समज जीवघेणा आहे. त्यात गोळी नसली तरी दारू पुरी असते, आणि नळीच्या तोंडाशी तप्त वायूचा झोत निघतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर असंच पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यातच तो गेला. १९९३ साली ब्रँडन ली गेला, त्याचं कारण आणखी समजून घेण्यासारखं आहे. जवळच्या दृश्यासाठी वापरलेल्या डमी काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, कुणी नळी तपासली नाही. नंतर त्याच पिस्तुलात कोरं काडतूस भरलं, आणि त्याच्या वायूने ते टोक खऱ्या गोळीसारखं बाहेर ढकललं. दोन निरुपद्रवी समजलेल्या वस्तू एकत्र आल्या आणि माणूस गेला. २०२१ साली न्यू मेक्सिकोत सेटवर छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स गेली, तिथे तर जिवंत काडतूसच डमींमध्ये मिसळलं होतं. आता उडणारी ज्वाळा संगणकावर घालता येते, त्यामुळे सेटवर फायबर-रबरावर भागतं. मी गेली कित्येक वर्षं आवाज करणारं काहीही देत नाही. देखाव्यात आवाज स्पीकरवर घ्या म्हणतो.

काडतुसांचंही तेच. जुन्या बाजारात पितळी काडतूस दिसलं तर हात लावू नका, रिकामं आहे म्हणाला तरी. विसरून पिशवीत राहिलेल्या एका जिवंत काडतुसापायी लोकांवर विमानतळावर गुन्हे दाखल झाले आहेत. मला शोकेससाठी काडतुसं लागतात तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पितळी गजावर सबंध कातून घेतो, आत पोकळी नाहीच. वजन जास्त भरतं, पण ती कशानेही काडतूस होऊ शकत नाही.

आता तुमच्या आजोबांची रायफल. लोक सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात, पण तो बोअर झाला, रायफल नव्हे. ली-एन्फिल्डचे दोन मुख्य चेहरे लक्षात ठेवा. जुना नंबर एक मार्क तीन. त्याचं नाक चपटं, लाकूड आणि टोपण नळीच्या टोकापर्यंत गेलेलं, आणि त्याची संगीन म्हणजे १७ इंची पात्याची तलवारच. दुसरा नंबर चार. त्याची नळी लाकडातून दोन-तीन बोटं बाहेर डोकावते आणि संगीन खिळ्यासारखी बारकी. फोटोत नळीचं टोक दिसत असेल तर एका नजरेत फरक कळतो. बट आणि चाप दोन्हींचे लांबून सारखेच वाटतात, त्यावर जाऊ नका.

पण इटलीतल्या मराठा पलटणीचा विचार करता मी तुम्हाला आणखी एक हत्यार सुचवीन. थॉमसन, म्हणजे टॉमीगन. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नाही म्हटल्यावर तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी हाताला जखम होऊन टॉमीगन सुटल्यावर ग्रेनेडांनी मोर्चे मोडले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. थॉमसन रिकामी असतानाच साडेचार-पाच किलो भरते. घाडग्यांनी ती नळीकडून धरली म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. थॉमसनची वजनदार प्रतिकृती बनवली, उलटी धरून पाहिली, तेव्हा मनगटाला कळलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. प्रतिकृतीत वजन का सांभाळायचं, ते यासाठी.

काळाचा मेळ हा आणखी एक मोठा विषय. आपल्या भागात प्रतिसरकारचे देखावे दर गणपतीत होतात. १९४३ची शेणोलीची रेल्वे लूट, कुंडलची तुफान सेना, नाना पाटलांचं भाषण. मंडळाची पोरं जीव ओतून करतात. आणि पोलिसाच्या हातात इन्सास देतात! इन्सास ही आपल्या फौजेची रायफल आली १९९०च्या दशकात. त्याहून बारीक चूक आपल्या चित्रपटांतही होते. इच्छापूरच्या कारखान्याने १९६०च्या दशकात थ्री नॉट थ्रीच्याच घाटाची पण ७.६२ मिलिमीटरची २ए१ रायफल काढली. अंग तेच, पण मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. थ्री नॉट थ्रीचं दहा गोळ्यांचं, तिरकं. १९४२च्या दृश्यात चौकोनी मॅगझिन दिसलं की समजायचं, हत्यार वीस वर्षं पुढून आलंय. ब्रेनगन या हलक्या मशीनगनचंही असंच. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ती एकावर एक रचली की चळत वाकतेच, म्हणून जुन्या ब्रेनचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं. नव्या ७.६२च्या काडतुसाला तशी कड नाही, म्हणून आपल्या नंतरच्या एलएमजीचं (हलक्या मशीनगनचं) मॅगझिन बरंच सरळ. एकदा कारण कळलं की वर्ष पाठ करावं लागत नाही.

त्या काळच्या पोलिसांसाठी मी मंडळांना .४१० मस्केटची गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या राज्यात पोलिसांना, तुरुंगाच्या पहाऱ्याला थ्री नॉट थ्री फिरवून केलेली गुळगुळीत नळीची मस्केट देत. बाहेरून रायफलच वाटते, पण मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा ठोकलेला, म्हणजे दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचं. तासगाव भागातल्या एका मंडळाने हे ऐकून पोलिसाच्या भूमिकेतल्या मुलाला दर बारानंतर खिशात हात घालायला लावला. तेवढ्या एका हालचालीने देखावा वेगळा झाला. पुढे बसलेल्या एका नव्वदीच्या आजोबांनी नातवाला हलवून सांगितलं, “अशीच भरायचे.”

लाकडाबद्दल माझी एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या चांगल्या ली-एन्फिल्ड प्रतिकृतीचं लाकूड मी इथल्या सतारमेकर गल्लीतल्या एका काकांकडे पॉलिशला दिलं. मिरजेचे तंबोरे जगात जातात, त्यांच्या हाताला तोड नाही. काकांनी चपडा लाखेचे थरावर थर देऊन बट असा चमकवला की त्यात तोंड दिसावं. तंबोऱ्याला ते शोभतं. फौजेच्या रायफलीला जवसाचं तेल पाजतात, तिला चमक नको, पाणी आत शिरू नये एवढंच हवं. काकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “मग आधी सांगायचं नाही का, हे बैलगाडीचं काम आहे.” स्वतः बसून लाख खरवडली आणि मला शिकवलं. घाण्याचं कच्चं जवस तेल, चार थेंब तळहातावर घ्यायचे, हाताच्या उबेने लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी परत. पहिल्या आठवड्यात रोज, पहिल्या महिन्यात आठवड्याला, मग वर्षात एकदा. पाचव्या-सहाव्या दिवशी लाकडाचा फिकट रंग आतून तांबूस व्हायला लागतो, तो कुठल्याही डब्यातल्या रंगाने येत नाही. फक्त एक काळजी घ्या. जवस तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ती वाळताना स्वतःहून तापतात आणि पेट घेतात. मी पाण्यात भिजवून मग अंगणात पसरून वाळवतो.

लाकूड कोणतं घ्यायचं, तर मूळ रायफलींना अक्रोड असे. आपल्याकडे कवायतीच्या डमीला बाभूळ उत्तम, जड आणि चिवट. शोकेसच्या वस्तूला सागवान चालेल, पण मग बटाच्या आत शिसं भरून तोल साधावा लागतो.

सांभाळण्याबद्दल मला २०१९च्या पुराने शिकवलं. तेव्हा माझं गोडाऊन सांगलीत नदीच्या बाजूला होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाच दिवसांनी शटर उघडलं तेव्हा गुडघाभर गाळात एकशे वीस डमी. फायबरच्या धुतल्या आणि काम झालं. जस्ताच्या प्रतिकृतींवर पांढरी पूड चढली, ती खोल गेली होती, बारीक कोरीवकाम गेलं. रबरी वरून ठीक दिसल्या, पण महिन्याभराने आतली सळई गंजून फुगली आणि रबर फाटलं. फोमच्या तर पूर नसतानाही दहा-बारा वर्षांत चिकट होतात, सुटे कण पडायला लागतात. तेव्हापासून रबर आणि फोम वेगळे ठेवतो, सुती कापडात, प्लॅस्टिकमध्ये नाही. जस्ताच्या वस्तूंना वर्षातून एकदा मेण. आणि सगळं जमिनीपासून चार फुटांवर, आता मिरजेतच.

नेण्या-आणण्याचं सांगायलाच हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी रबरी इन्सास बारदानात गुंडाळून एसटीने साताऱ्याला निघालो. वाटेत बारदान सरकलं, बट बाहेर आला. शेजारच्या बाई ओरडल्या, गाडी थेट एका पोलीस ठाण्यात नेली. चार तास गेले, शूटिंगचा दिवस बुडाला. साहेबांचं काहीच चुकलं नाही. त्या बाईंचा पांढरा पडलेला चेहरा मला अजून दिसतो, चूक माझी होती. तेव्हापासून डमी बंद कुलपी पेटीत, स्वतःच्या गाडीच्या डिकीत. नळीच्या टोकावर नारिंगी रबरी टोपी, अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकांना १९८९ पासून असं टोक सक्तीचं आहे, तीच पद्धत मी घेतली. सोबत कार्यक्रमाचं पत्र, प्रत्येक डमीचा फोटो, आणि दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यात आधी दिलेल्या अर्जाची पोच. बाल्कनीत उभं राहून फोटो नाही, गच्चीवर नाही, गाडीवर तर नाहीच. संग्रहाची वही करा. वस्तू कुणाकडून आली, कशाची बनली, कशासाठी बनली, किती वजन, आणि समोर चार बाजूंचे फोटो. शस्त्र कायद्याचं कलम ६ नकली बंदुकीची खऱ्या बंदुकीत विनापरवाना रूपांतर करायला मनाई करतं, आणि तिथे ‘नकली बंदूक’ म्हणजे बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू. म्हणून ज्या प्रतिकृतीची नळी आरपार पोकळ आहे, ती मी घेतच नाही. नळीचं फक्त तोंड दोन इंच कोरलेलं, पुढे भरीव, असं असावं. बॅटरीचा उजेड टाकून बघा, तळ दिसला पाहिजे.

तर पहिल्या वर्षासाठी माझ्या मते तीन वस्तू. एक, तुमच्या गावातली किंवा शेजारची जुनी लाकडी कवायती बंदूक, जशी आहे तशी, तिच्या माणसाच्या माहितीसकट. दुसरी, एखाद्या संपलेल्या नाटकाची किंवा शूटिंगची गर्दीतली फायबर रायफल, झिजलेली. कोल्हापूर-मुंबईकडे सामान काढून टाकतात तेव्हा मी कळवीन. तिसरी आजोबांची, बाभळीच्या लाकडाची, भरीव नळीची, चार किलोची. ती आपण माझ्याकडेच करू, तेल मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने द्यायचं. नंबर एक की नंबर चार, हे फोटो बघितल्याशिवाय मी लाकूड कापणार नाही. मिरजेला याल तेव्हा मूळ फोटोच आणा, मोबाईलवरची प्रत नको. नळीचं टोक बघायला भिंग माझ्याकडे आहे.